आधी घर की आधी उपचार?

प्रश्न : माझा भाऊ स्किझोफ्रेनियाने आजारी असून बेघर आहे. औषधे नियमित घेऊ लागण्याआधीच त्याला खोली मिळवून देणे घाईचे ठरेल का?

उत्तर : माझ्या मते नाही. ज्याला गोळ्या ठेवायला फळी नाही, रात्रीच्या झोपेची शाश्वती नाही, त्याच्याकडूनच आपण आधी नियमितपणा मागतो, हा क्रमच उलटा आहे. न्यूयॉर्कमध्ये १९९२ साली मानसशास्त्रज्ञ सॅम त्सेम्बेरिस यांनी ‘आधी घर’ ही पद्धत सुरू केली, तेव्हा उपचार किंवा व्यसनमुक्ती ही घर मिळण्याची अट ठेवली नाही. पुढे कॅनडात २००९ ते २०१३ या काळात पाच शहरांतील दोन हजारांहून अधिक व्यक्तींवर तिची चाचणी झाली. असे घर मिळालेले लोक, नेहमीच्या सेवा मिळालेल्यांपेक्षा कितीतरी अधिक काळ घरात टिकले. आजाराची लक्षणे मात्र दोन्ही गटांत साधारण सारखीच कमी झाली, हेही सांगायला हवे. घराने औषधाचे काम होत नाही, म्हणून भावाला दोन्ही लागतील.

प्रश्न : किल्ली हाती दिल्यावर मदत करणाऱ्या सेवकांचे काम कोणते उरते?

उत्तर : खरे काम तिथूनच सुरू होते. वर्षानुवर्षे उघड्यावर राहिलेला माणूस कधी कधी पहिले काही आठवडे पलंग सोडून दाराजवळ, पायांत बूट घालून, पिशवी उशाशी घेऊन झोपतो. त्याला हटकू नये. मानसोपचारतज्ज्ञ, परिचारिका, समाजसेवक आणि स्वतः अशा आजारातून गेलेला सहकारी यांचे पथक त्याच्या घरी जाते, आणि साधारण दहा व्यक्तींमागे एक सेवक असेल तरच गोळ्यांबरोबर वीजबिल, शेजाऱ्याची तक्रार, स्वयंपाक यांकडेही लक्ष पुरते.

प्रश्न : आजार बळावून रुग्णालयात दाखल व्हावे लागले, तर खोली जाते का?

उत्तर : जाता कामा नये. भाडेकरार आणि उपचार हे दोन वेगळे व्यवहार असावेत, म्हणजे औषध नाकारले म्हणून छप्पर जाणार नाही. दाखल असतानाच्या काळात भाडे कोण भरणार आणि घरमालकाने अडचणीत कोणाला फोन करायचा, हे सही करण्यापूर्वीच लिहून घ्या. परतायला पत्ता नसल्यामुळे बरी झालेली माणसेही वॉर्डातच अडकून पडतात.

प्रश्न : समूहनिवास बरा की स्वतंत्र खोली?

उत्तर : भावालाच विचारा. बहुतेकांना स्वतःचे दार हवे असते. काहींना एकटेपणा सोसत नाही, त्यांना सोबतीचे घर मानवते. त्याचे मत नंतर बदलले, तर घर बदलण्याची मुभाही त्याला असू द्या.