साठेपासून सुरुवात कर

प्रिय मित्रा,

वाचायला नव्या मराठी नाटकांची यादी मागितलीस. देतो, पण चारच नावांची, आणि क्रमाने. पंधरा पुस्तकं एकदम आणलीस तर तिसऱ्या नाटकात दुसऱ्यातली माणसं बोलायला लागतील.

पहिलं राजीव नाईकांचं ‘साठेचं काय करायचं?’. पात्रं दोनच, अभय आणि सलमा, नवरा-बायको. ज्याच्यावरून घरात सगळं चाललंय तो साठे रंगमंचावर येतच नाही. नवख्या वाचकाचा डोळा ‘हे कोण बोललं?’ म्हणून सारखा पात्राच्या नावाकडे पळतो. दोनच पात्रं असली की ती धावपळ संपते. मग साठेचं नाव कोण काढतं ते बघ. समासात पेन्सिलीने खूण कर, अभयने काढलं तर ‘अ’, सलमाने काढलं तर ‘स’. शेवटी नुसत्या खुणा चाळल्यास तरी अभयची जळजळ कुठे वाढते आणि सलमा ती कुठे झेलते, कुठे परतवते, हे कळेल.

दुसरं जयंत पवारांचं ‘अधांतर’. 1997चं, म्हणजे अगदी ताजं नाही, पण ते गाळू नकोस. 1982च्या गिरणी संपानंतरचं मुंबईचं गिरणगाव, चाळीतली खोली, आई, तीन मुलगे, एक मुलगी. इथे कोरा कागद घेऊन खोलीचा नकाशा काढ आणि प्रत्येक माणसाचं एकेक नाणं ठरव. कोणी आलं की नाणं आत, गेलं की बाहेर. पोरखेळ वाटेल, पण हे केलं नाही की काय होतं सांगतो: कादंबरीच्या सवयीने वाचताना जो बोलत नाही तो नजरेआड होतो. प्रत्यक्षात तो तिथेच बसलेला असतो, ऐकत असतो, आणि पाच पानांनी त्याच्या तोंडून जे फुटतं ते त्या ऐकण्यातूनच आलेलं असतं. नाणं त्याला विसरू देत नाही. आणि हो, रंगसूचनांमधली (कोण कुठून येतं, काय करतं, हे सांगणाऱ्या कंसातल्या ओळींमधली) उजवी-डावी बहुतेकदा प्रेक्षकांकडे तोंड करून उभ्या राहिलेल्या नटाची असते. काही लेखक ती प्रेक्षकांच्या बाजूने धरतात. ते आधी बघून घे, नाहीतर अख्खं घर उलटं मांडशील.

तिसरं ‘संगीत देवबाभळी’, प्राजक्त देशमुख यांचं, 2017 साली रंगमंचावर आलेलं. पुढे त्याला साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला. तुकोबांची भाकरी घेऊन जाणाऱ्या आवलीच्या पायात काटा रुततो, विठ्ठल तो काढतो, आणि तिची काळजी घ्यायला रखुमाई लखुबाई होऊन घरी येते. पुन्हा दोनच बायका, पण इथे पदं, म्हणजे नाटकातली गाणी आहेत, आणि चूक तिथेच होते. पद आलं की वाचक एकतर ते ओलांडतो, नाहीतर कविता म्हणून वेगळं वाचतो. पदाच्या आधीचं आणि नंतरचं वाक्य लागोपाठ वाच. दोन्हींत बाईची मनःस्थिती बदलली असेल तर तो बदल पदात घडलाय. तिथे परत जा. चाल येत नसेल तर सावकाश, मोठ्याने म्हण. प्रयोग मात्र वाचून झाल्यावर बघ. आधी पाहिलास तर त्या नटीचाच आवाज कानात बसतो, तुझा येतच नाही.

चौथं राजकुमार तांगडे यांचं ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’. यम, शाहिरी, मराठवाड्याची बोली आणि भरपूर माणसं. हे एकट्याने वाचूच नकोस. चौघं जमवा, भूमिका वाटून घ्या. समोरासमोर भांडणारी दोन पात्रं एकाकडे द्यायची नाहीत. बोली मनातल्या मनात प्रमाण भाषेत वळवण्याचा मोह होतो, त्यात विनोद मरतो. जालना-परभणीकडचं कोणी ओळखीचं असेल तर पहिला मान त्याला.

कोणतंही दोन अंकी नाटक मोठ्याने वाचायला साधारण दोन-अडीच तास लागतात. तेवढा वेळ काढूनच बस आणि थांबायचं तर मध्यंतरालाच थांब. रोज वीस पानं हा हिशेब नाटकाला लागू पडत नाही, त्याने नाटकातला ताण कसा चढत जातो ते कळत नाही. ‘थांबतो’ असं कंसात लिहिलं असेल तिथे खरंच मनात दोन आकडे मोज. प्रस्तावना शेवटी.

छापील प्रत आणि प्रयोग जुळले नाहीत तर नट चुकला असं समजू नकोस. तालमीत वाक्यं जातात, नवी येतात. पुस्तक बाजारात नसेल तर आधी जुन्या ग्रंथालयात विचार, मग नाटक करणाऱ्या संस्थेकडे संहिता माग. वाचन आवडलं म्हणून प्रयोग करायचा ठरवलात तर लेखकाची लेखी परवानगी तालमींच्या आधी घ्या. तिकीट लावण्याच्या सुमारास मागणारे बरेच असतात, आणि नकार आला तर तालमींचा महिना फुकट जातो.

हे चार झाले की दत्ता पाटलांचं ‘हंडाभर चांदण्या’ घे, पाणीटंचाईवरचं. नाणी तयार ठेव. नकाशा मात्र या वेळी खोलीचा नाही, गावाचा लागेल.