झेब्राफिशच्या अंड्यांना तलावाचं हिरवं पाणी? नको रे

पहिल्याच ब्रीडिंगला हात घातलास, मस्त! पण अंड्यांना तलावाचं पाणी चालेल का विचारतोयस, तर ठाण्यातलं उपवन असो की मासुंदा, तलावाचं हिरवं पाणी अंड्यांच्या डब्यात टाकू नकोस. सगळं हिरवं सारखं नसतं, पाण्यावर ऑइलपेंट सांडल्यासारखा थर दिसला तर बहुतेक तो सायनोबॅक्टेरिया (शेवाळासारखे दिसणारे जिवाणू), मायक्रोसिस्टिस वगैरे, आणि त्याचं टॉक्सिन म्हणजे विष पाण्यात आहे की नाही हे डोळ्यांनी कळत नाही.

नवीन लोक दोन गोष्टी हमखास करतात. एक, पाणी उकळतात. मायक्रोसिस्टिन, म्हणजे मायक्रोसिस्टिसचं विष, उकळून जात नाही बाबा. दुसरं, शेवाळ मारायचं औषध ओततात, मग पेशी फुटतात आणि आतलं सगळं विष पाण्यात, म्हणजे आधीपेक्षा वाईट.

अंड्याचं कवच थोडंफार वाचवतं, पण सगळं अडवत नाही. झेब्राची अंडी पारदर्शक, साधं भिंग पुरतं: हृदयाभोवती पाणी साठून फुगलेलं, शेपटी वाकडी, २८ डिग्रीला दोन-तीन दिवसांत फुटायला हवीत ती रखडलेली, असं दिसलं की पाण्यावर संशय घे. नुसती पांढरी पडली तर ती बहुतेक फलितच झाली नव्हती, त्यात टॉक्सिन शोधत बसू नकोस.

सध्या क्लोरीन काढलेलं नळाचं पाणी, रोज थोडं बदल, पांढरी अंडी लगेच बाहेर. टेस्ट किट वगैरे नंतर बघू, आधी पिल्लं पोहू देत.