वाट अडवणारी गाणी

प्रश्न : आमच्या गणेशोत्सवात मुलीची वाट अडवणारे जुने चित्रपटगीत बसवायला नाचणाऱ्या मुलींनीच विरोध केला. जुन्या गाण्यांना आजचे निकष लावावेत का?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : लावावेत, मात्र गाणे नीट ऐकून. तमाशातल्या गवळणीत कृष्ण मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींची वाट अडवतो खरा, पण तिथे गवळणींची म्होरकी मावशी त्याला आणि त्याचा सवंगडी पेंद्याला शब्दाला शब्द देते. ज्या गीतात नायिकेला एकही ओळ नसते आणि तिचा नकार म्हणजे लाजणे असे नायकच ठरवून टाकतो, तिथे काळाची सबब मला पटत नाही. पाठलाग हा स्वतंत्र गुन्हा २०१३ साली झाला; जाच त्याआधीच्या मुलींनाही होतच होता. घरी ते गाणे जरूर ऐकावे. मंचासाठी मुलींना विचारून दुसरे निवडावे.