वाळवंटात पोरगी चाललीय, काय सांगू?

प्रश्न: माझी मुलगी जर्मनीत एमएस करतेय, डिसेंबरच्या सुट्टीत मैत्रिणींसोबत जॉर्डनला पेट्रा हे डोंगरात कोरलेलं प्राचीन शहर बघायला निघालीय. वाळवंट म्हटलं की जीव वर-खाली होतो. – एक आई, भुसावळ

उत्तर: ताई, उन्हाचं टेन्शन सोडा, भुसावळचा मे काढलेल्या पोरीला तिथला डिसेंबर गारच वाटणार, उलट जॅकेट घ्यायला सांगा कारण रात्री कडाक्याची थंडी असते. खरी भीती पावसाची. आत जायची वाट म्हणजे सिक, साधारण 1.2 किमीची अरुंद घळ, वर डोंगरात पाऊस झाला की तिच्यात अचानक लोंढा येतो, 1963 मध्ये त्यात फ्रेंच पर्यटकांचे जीव गेलेत, म्हणून गेटवाले नाही म्हणाले की हट्ट नको.

बाकी जागा भन्नाट! नबाती या प्राचीन अरब लोकांनी वालुकाश्म वरून खाली कोरत आणलाय, सगळे ‘खजना’ या कोरीव दर्शनी इमारतीचेच फोटो काढतात पण त्या कोरड्या मुलखात पाट, मातीचे पाइप, टाकी करून पाणी खेळवलंय ते मला जास्त भारी वाटतं (आपण पांझरा नदीवर बंधारे घालून पाटाने पाणी वाटून घेणाऱ्या फड बागायतीच्या मुलखातले ना, नजर पाण्याकडेच जाते). अद-दैर या डोंगरावरच्या कोरीव वास्तूला जायला 800 च्या आसपास पायऱ्या आहेत, बूट चांगले हवेत. आणि जॉर्डन पास (पर्यटकांसाठीचा एकत्रित तिकीट-पास) निघायच्या आधीच ऑनलाइन काढा, किमान तीन रात्री राहिलं तर व्हिसाची फी वाचते.