कोलॅटरल वाहिन्या लेसरने जाळाव्यात का?

प्रश्न : आठ महिन्यांपूर्वी उजव्या डोळ्याच्या पडद्यातली एक उपशीर तुंबली. इंजेक्शनांनी सूज उतरली. आताच्या रिपोर्टमध्ये ‘कोलॅटरल वाहिन्या’ दिसतात असं लिहिलंय. त्या फुटतील का? लेसरने जाळून घेऊ का?

उत्तर : नाही, त्या जाळायच्या नसतात. पडद्यात धमनी शिरेला ओलांडते तिथे दोघींचं बाहेरचं आवरण एकच असतं. धमनी कडक झाली की शीर दाबली जाते आणि तिथे गुठळी धरते. मागे रक्त तुंबून दाब वाढतो, त्या दाबाने आधीपासूनच असलेल्या केशवाहिन्या रुंदावतात आणि शेजारच्या मोकळ्या शिरेत रक्त सोडू लागतात. याच कोलॅटरल वाहिन्या. बहुधा त्या मॅक्युलाच्या (पडद्याचा मधला, बारीक पाहण्याचा भाग) कानाकडच्या बाजूला दिसतात, पडद्याचा वरचा आणि खालचा भाग जोडणाऱ्या, नागमोडी. पक्क्या व्हायला साधारण ६ ते २४ महिने लागतात. लेसर त्यांच्यावर पडला तर रक्ताची ही पर्यायी वाटच बंद होते.

फुटतात त्या वेगळ्या. रक्त न पोहोचलेला पडदा व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सोडतो, त्यामुळे कच्च्या भिंतींच्या नव्या वाहिन्या पडद्यातून काचद्रवाकडे (डोळ्याच्या पोकळीतला जेलीसारखा पदार्थ) वाढतात. वरवर दोन्ही सारख्याच दिसू शकतात, म्हणून फ्लुरोसीन अँजिओग्राफी करतात. हातातल्या शिरेतून पिवळा रंग देऊन फोटो काढत जातात. नव्या वाहिन्यांभोवती रंग फोटोगणिक पसरत जातो, पक्क्या कोलॅटरलच्या कडा मात्र शेवटपर्यंत रेखीव राहतात. ओसीटी अँजिओग्राफीत (प्रकाशाने वाहिन्यांचं चित्र काढणारं स्कॅन) रंगच नसल्याने ही गळती कळत नाही. नव्या वाहिन्या सापडल्याच, तर लेसर रक्त न पोहोचलेल्या भागावर देतात.

कोलॅटरल आल्या म्हणून तपासण्या थांबवू नका. मॅक्युलाची सूज परतू शकते आणि ती ओसीटीतच (प्रकाशाने पडद्याचे थर दाखवणारं स्कॅन) नेमकी दिसते. रक्तदाबही सांभाळा, धमनी कडक होण्याचं ते मोठं कारण आहे.

प्रश्न : आईची मुख्य शीरच तुंबली आहे. तिलाही अशाच वाहिन्या येतील?

उत्तर : येऊ शकतात, पण दृष्टिचेतेच्या (डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस) तोंडाशी. तिथून रक्त पडद्यामागच्या कोरॉइड थरात उतरतं. आईच्या बाबतीत पहिल्या काही महिन्यांत जास्त जपायचं ते बुबुळाच्या रंगीत पडद्याला. तिथे नव्या वाहिन्या आल्या तर डोळ्यातल्या पाण्याचा निचरा अडतो आणि काचबिंदू होतो. सुरुवात बाहुलीच्या काठावर बारीक लाल रेषांनी होते. बाहुली मोठी करणारे थेंब टाकल्यावर त्या सहज निसटतात, म्हणून ही तपासणी थेंबांआधी करून घ्या. डोळा दुखून लाल झाला किंवा दिव्याभोवती कडी दिसू लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.