घडी कशीही घाला, पण न धुतलेलं कापड कपाटात घेऊ नका

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि हसू आलं, तुमचं नाही हो, माझं स्वतःचंच. चार ट्रंका, दोन बोचकी, अंदाजे 60 किलो कापड, आणि प्रश्न काय तर घड्या रंगानुसार लावू का मापानुसार, आणि कपाट कितीही लावलं तरी आठ दिवसांत परत उकिरडा का होतो. मी पण हेच विचारत फिरले होते. साधं 44 इंच पन्ह्याचं (रुंदीचं) कॉटन किलोला 7-8 मीटर बसतं, म्हणजे तुमच्याकडं 400 मीटरच्या वर माल झाला. नवऱ्याला हा हिशोब सांगू नका.

आधीच सांगते, मी काही एक्स्पर्ट नाही. सांगलीत विश्रामबागला राहते, वाकळी म्हणजे गोधड्या शिवून देते, तुकडे मशीनवर जोडते आणि धावदोरा हातानं. कॉटन सोडून दुसऱ्या कशाला हात लावत नाही. तेव्हा माझं सगळं तेवढ्यापुरतंच धरा.

घडीचं पटकन सांगते. व्हिडिओत सहा इंची रुंद पट्टीभोवती कापड गुंडाळतात ते बघितलं असेलच. तसली पट्टी मला इथं मिळाली नाही म्हणून नेमप्लेटवाल्याकडनं 12 बाय 6 इंचाचा ॲक्रेलिकचा तुकडा कापून आणला (कडा घासून मागा, नाहीतर बोट कापतंय). काठाला काठ लावला की 22 इंच, परत दुमडलं की 11, मग पट्टीभोवती गुंडाळत जायचं आणि शेवटी पट्टी ओढून काढायची. या घड्या फायलींसारख्या उभ्या लावायच्या. थप्पी लावली की खालचं ओढताना वरचं कोसळतं, तुमचा उकिरडा तिथंच होतोय. अर्ध्या मीटरच्या आतलं गुंडाळत बसू नका, ते डब्यात टाका.

आता रंग का माप. दोन्ही चालतं, खरंच. मी रंगानुसार लावलं होतं, पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत, शेजारच्या बायका मुद्दाम बघायला यायच्या, आणि तिथंच माझा घात झाला. कारण घडी सुबक झाली की कापड काही सांगत नाही. धुतलंय का नाही, किती मीटर आहे, कॉटन आहे का भेसळ, सगळं घडीच्या पोटात जातं.

झालं असं की पुण्याच्या एका बाईंनी त्यांच्या आईच्या दोन पांढऱ्या सुती साड्या आणून दिल्या. आई वारल्या होत्या, नात होणार का नातू ते ठरायचं होतं, त्या बाळासाठी वाकळ. साड्या धुऊन धुऊन इतक्या मऊ झालेल्या की कात्री लावायला जीव होईना. पांढऱ्यात लाल चौकोन टाकायचं ठरलं. माझ्या लालच्या रांगेत सात घड्या होत्या, पाच धुतलेल्या आणि दोन इचलकरंजीहून किलोवर आणलेल्या, तशाच खळीसकट. दुकानदार म्हणाला होता पक्का रंग आहे. दुकानाचं नाव घेत नाही, चूक माझीच, असं कोण सांगितलं म्हणून ऐकायचं असतंय का? पण सातही घड्या सारख्याच गुंडाळलेल्या, सारख्याच सुबक, मी हात घातला आणि नेमकी त्यातलीच एक आली.

वीस दिवस टाके घातले. द्यायच्या आधी मी नेहमी एकदा धुऊन देते. बादलीतलं पाणी जरा लालसर दिसलं तेव्हाच थांबायला पाहिजे होतं, पण मी घाबरून घाईनं पिळून गच्चीवर उन्हात टाकली. तासाभरानं बघते तर प्रत्येक लाल चौकोनाभोवती गुलाबी कड, आणि पुढं दोऱ्याच्या टाक्याटाक्यानं रंग पांढऱ्यात गेलेला, सुईनं ओढल्यासारखा.

वाळवणं ही दुसरी चूक. असं कधी झालंच तर वाळू देऊ नका, मोठ्या टबात भरपूर गरम पाणी आणि पावडर घालून बुडवून ठेवा, पाणी बदलत रहा, बरंच निघतं. मीठ-व्हिनेगरनं रंग पक्का होतो म्हणतात, मला तरी एकदाही अनुभव नाही.

त्या बाईंना फोन करताना हात थरथरत होते. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. एवढंच म्हणाल्या, न भिजलेला काही तुकडा उरलाय का. काठाकडचा वीतभर होता. पैसे परत केले, पण साडी कुठनं आणणार.

तेव्हापासून एकच नियम, नवीन कापड आधी बादलीत, मग कपाटात. धुऊन वाळलं की चारही कोपरे तिरके कापायचे, बोटाच्या पेराएवढे. दोरे कमी सुटतात आणि कोपरा बघितला की कळतं धुतलंय. एवढा एक कोपरा घडीच्या बाहेर राहील असं गुंडाळायचं. मीटर लिहिलेली चिठ्ठी आत, टाचणीनं नको, गंज धरतो. लाल, मरून, गडद निळं असेल तर ओल्या पांढऱ्या फडक्यानं चोळून पण बघते, धुतलं असलं तरी. कुणाला हे अति वाटेल, वाटू दे.

धुण्याचा अजून एक फायदा, कसर (कापड खाणारी कीड) खळीवर येते. तुमच्या साताऱ्याला पाऊस आमच्यापेक्षा जास्त, म्हणून प्लॅस्टिकच्या पिशव्यांत काही कोंबू नका, दमट वास बसतो. डांबरगोळ्यांचा वास वाकळीतनं जात नाही, मी वेखंडाची पुरचुंडी ठेवते. नवरात्राआधी घरातली सगळी धुणी निघतातच, त्याच आठवड्यात घड्या मोडून दुसऱ्या जागी दुमडायच्या, नाहीतर घडीवरच कापड विरतं. आणि खालचा कप्पा रिकामा ठेवा. 2019 च्या महापुरात इथं आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं तेव्हा गावभागातल्या माझ्या नणंदेची ट्रंक आठ दिवस पाण्यात होती, मी आमच्याकडं पाणी येत नसून पण खाली काही ठेवत नाही. तुम्हाला हे लागू नसेल, सोडून द्या.

ट्रंका विकू नका मात्र. कोपरे न कापलेलं सगळं ट्रंकेत, कापलेलं कपाटात, मध्ये काही नाही. आणि बोचक्यातलं सगळं कॉटन समजू नका, प्रत्येकाचा एक दोरा काढून काडीपेटीनं जाळून बघा, कागद जळल्यासारखा वास येऊन राख झाली तर कॉटन, आक्रसून टणक मणी झाला तर पॉलिस्टर. माझ्या बोचक्यात पाव हिस्सा तसलं निघालं होतं, त्याच्या भाजीच्या पिशव्या शिवल्या, अजून संपल्या नाहीत.