तणावानंतर वस्तीत काम सुरू करताना

प्रज्ञा, हडपसरच्या वस्तीत दोन गटांत वाजल्यावर तिथल्या बायकांसोबत काम करायचं म्हणतेस, जरूर कर. बायका आणि शांतता यांवरचा संयुक्त राष्ट्रांचा २०००चा ठराव १३२५ वगैरे नंतर वाच. आत्ता एवढंच सांभाळ:

- पहिले काही आठवडे फक्त ऐक. अंगणवाडी सेविका आणि आशा ताईंना आधी भेट, घराघरातलं त्यांना ठाऊक असतं. नवखी माणसं थेट 'एकता मेळावा' भरवतात. भीती ताजी असताना दोन्हीकडच्या बायकांना स्टेजवर शेजारी बसवलं, तर घरी गेल्यावर बोलणी त्यांनाच खावी लागतात. आधी वेगवेगळं बसा.

- बैठक देवळात किंवा मशिदीत नको, शाळेची खोली बघ. वेळ दुपारची, धुणीभांड्याची कामं उरकल्यावरची. हळदीकुंकवानं सुरुवात तर अजिबात नको. विधवा आणि मुस्लिम बायका पहिल्याच दिवशी बाहेर राहतात.

- एकीचं बोलणं दुसरीकडे नेऊ नकोस, फोटो काढू नकोस. विश्वास इथेच तुटतो.

- दंगलीनंतर घरातली मारहाणही वाढू शकते, त्याकडे लक्ष ठेव. १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर पाठ असू दे. बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. शिवाजीनगर कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे घेऊन जा. पण तक्रार करायची की नाही, हे तिलाच ठरवू दे.

मध्यस्थी, शांतता समितीत बायकांच्या जागा, हे सगळं पुढे बोलू. पाणी आणि रेशनच्या प्रश्नावर दोन्हीकडच्या चार जणी एकत्र अर्ज द्यायला निघाल्या, की मला फोन कर.